मुरूम : रुळाशेजारचा आणि गालावरचा

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात आरतीनंतर केलेले भाषण. बोलताना घाईत सुटलेले दोन-तीन मुद्दे लिहिताना जोडले आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला विषय विचारला तेव्हा मी एका शब्दात सांगितले, "मुरूम". सचिवांनी तो वहीत लिहून घेतला आणि समोर कंसात "रेल्वे बांधकाम" असे लिहिले. त्यांची चूक नाही. मी परमनंट वेचा माणूस. नागपूरला पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि नोकरीने इकडे आणले. खडी, स्लीपर, रूळ आणि पावसाळ्यात भरावाच्या कडेला टाकायचा मुरूम यातच माझी वीस-बावीस वर्षे गेली. पण आज ज्या मुरुमाबद्दल बोलायचे आहे तो गालावरचा. आपले छत्तीसगढी शेजारी ज्याला "मुंहासे" म्हणतात तो. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मी फक्त एक बाप आहे, ज्याने आपल्या मुलीच्या गालावर आठ महिने प्रयोग केले. त्यात काय बरोबर झाले आणि काय चुकले ते सांगण्यासाठी उभा आहे. हे सांगायला मी तिची परवानगी घेतली आहे. तिने एकच अट घातली, "बाबा, तुमची चूक पण सांगा." ती अट पाळतो.

गोष्ट २०२२ सालची. आमची कन्या तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. त्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर मुरुमे आली. या वयात सर्वांनाच येतात म्हणून आम्ही हसण्यावारी नेले. पण घरी येणारा प्रत्येक जण चहाच्या आधी तोच विषय काढू लागला. "अगं, काय झालं हे चेहऱ्याला?" आणि लगेच उपाय. आपला मराठी माणूस दुखणे ऐकले की उपाय सांगितल्याशिवाय उठत नाही. मी एक दिवस वहीत यादी केली : हळद-चंदन, बेसन-साय, मुलतानी माती, मसुराच्या डाळीचे पीठ, कडुनिंबाचा पाला, कोरफड, तुरटी, मध-दालचिनी, बटाट्याचा रस, बर्फ, टूथपेस्ट, लिंबू, आणि आमच्या आईचे दुधात उगाळलेले जायफळ. तेरा उपाय. आई वर्ध्याची. तिची सहाण आणि जायफळाची डबी आमच्याबरोबर प्रत्येक क्वार्टरमध्ये फिरली आहे.

पहिला नंबर लिंबाचा लागला, कारण घरात लिंबू होते. कन्येने रात्री अर्धे लिंबू गालावर चोळले, सकाळी पुन्हा चोळले आणि जूनच्या उन्हात सायकलने कोचिंगला गेली. संध्याकाळी उजवा गाल लाल होऊन चुरचुरत होता. दोन दिवसांनी तिथे तपकिरी ओघळ उमटला, तो जायला तीन महिने लागले. पुढे मी वाचले तेव्हा कारण कळले. आपली कातडी किंचित आम्ल असते, तिचा पीएच साधारण पाच. लिंबाचा रस दोनच्या आसपास. शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात असे काही घटक असतात की ते कातडीवर असताना ऊन लागले तर कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे डाग राहतो. लिंबू वाईट नाही, पण त्याची जागा वरणभातावर.

गंमत अशी की याच लिंबाने औषधांच्या परीक्षेचा इतिहास घडवला आहे. १७४७ साली जेम्स लिंड नावाचा इंग्रज आरमारातला डॉक्टर सॅलिसबरी नावाच्या जहाजावर होता. खलाशांना स्कर्व्ही व्हायची, हिरड्या सडायच्या, माणसे मरायची. उपाय पुष्कळ सांगितले जात, आपल्या यादीसारखेच. लिंडने सारखा आजार असलेले बारा खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या, सर्वांना जेवण एकच ठेवले आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला समुद्राचे पाणी, कोणाला संत्री आणि लिंबे. संत्री-लिंबेवाली जोडी काही दिवसांत उठून कामाला लागली. बाकी सर्व सारखे ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि शेजारी तुलना ठेवायची, एवढेच त्याने केले. तरी आरमाराने लिंबाचा रस नियमाने द्यायला १७९५ साल उजाडले. पुरावा समोर असूनही माणूस किती वर्षे हलत नाही, याचा हाही नमुनाच.

आम्हा रेल्वेवाल्यांना ही पद्धत नवी नाही. नवीन फिटिंग आले तर ते एकदम सगळ्या लाईनवर बसवत नाहीत. लखनौची आरडीएसओ संस्था आधी थोड्या लांबीवर लावून बघायला सांगते, शेजारी जुने असते, ठराविक काळ मोजमाप होते, मग निर्णय. मी घरी जाहीर केले, "यापुढे या घरात कोणताही उपाय ट्रायलशिवाय होणार नाही." आमच्या सौ. म्हणाल्या, "घरी पण ड्युटी सुरू करा आता." पण कन्येला ते आवडले. रोज नवीन काकूंचा नवीन लेप लावण्यापेक्षा हे बरे, असे तिला वाटले.

पद्धत अशी ठरली. एका वेळी एकच उपाय. तो एका गालावर, दुसऱ्या गालावर त्यासारखेच दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी. मुदत चार आठवडे. दर रविवारी सकाळी तोंड धुतल्यावर दोन्ही गालांवरची मुरुमे मोजायची आणि वहीत लिहायची. सर्वांत महत्त्वाचे, मोजणाऱ्याला माहीत नको की कोणत्या गालाला काय लावले आहे. ते धाकट्या चिरंजीवाने नाणे उडवून ठरवायचे आणि फक्त त्याने आणि ताईने गुपित ठेवायचे. मोजायचे काम आजीकडे, कारण तिला चष्मा लावून बारीक बघायची हौस आणि तिच्या नजरेवर कोणाचा संशय नाही.

पहिला मान हळदीला. हळदीबद्दल आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते आपले डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्याच्या माशेलचे. त्यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पण नीट बघितले तर त्या लढाईत काय सिद्ध झाले? हळदीचा हा वापर नवा नाही, आपल्याकडे फार जुना आहे, एवढे. हळदीने मुरुमे जातात की नाही, हा प्रश्न तिथे कोणी विचारलाच नव्हता. तसेच दुसरे. आपल्या मराठी माणसाच्या विको कंपनीच्या हळदीच्या क्रीमचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तो वाद होता ते औषध की सौंदर्यप्रसाधन, कारण त्यावर अबकारी कर ठरायचा. कोर्टाने कराचा प्रश्न सोडवला, मुरुमे मोजली नाहीत. जुने असणे वेगळे, आपले असणे वेगळे आणि गुणकारी ठरणे वेगळे. या तिन्हींची आपण फार सहज गल्लत करतो.

तर आमची हळद. एका गालावर हळद घातलेले बेसन-दूध, दुसऱ्या गालावर नुसते बेसन-दूध. पहिल्याच रविवारी आजीने कोणता गाल हळदीचा ते ओळखले, कारण तो पिवळा होता. म्हणजे गुपित फुटले. तरीही आम्ही महिनाभर मोजले. हळदीच्या गालावर १४ ची ११ झाली, साध्या गालावर १३ ची १०. दोन्हीकडे तीन कमी. हळद लावली नसती तरी तेवढीच कमी झाली असती, असा याचा अर्थ. शेजारचा गाल मोजला नसता तर मी मात्र सगळ्या कॉलनीला सांगत सुटलो असतो की हळदीने गुण आला. मुरुमांचा स्वभावच असा आहे की ती येतात आणि जातात. माणूस उपाय कधी करतो? चेहरा सर्वांत वाईट दिसतो तेव्हा. त्यानंतर थोडे बरे वाटायचेच असते. श्रेय मात्र त्या दिवशी लावलेल्या लेपाला जाते.

दुसरे जायफळ. एका गालाला जायफळ उगाळलेले दूध, दुसऱ्याला नुसते दूध. सकाळी धुतल्यावर दोन्ही गाल सारखे. चौथ्या रविवारी आईने चष्मा काढला आणि विजयी मुद्रेने म्हणाली, "बघा, डावा गाल कसा नितळ झालाय. मी सांगत होते की नाही जायफळाचं!" चिरंजीव जमिनीवर लोळून हसू लागले. डावा गाल दुधाचा होता. आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "माझ्या आईनं मला लावलं होतं, आणि माझी गेली होती." मी म्हटले, "आई, तुझी मुरुमं गेली, पण तेव्हा तू अठरा-एकोणीस वर्षांची झाली होतीस ना?" ती काही बोलली नाही. पण त्यानंतर मोजायला मात्र नियमाने बसली. पंचाहत्तराव्या वर्षी स्वतःच्या श्रद्धेविरुद्धचा आकडा वहीत लिहून घेणे सोपे नाही. मी तिला मानतो.

तिसरा कडुनिंब. भिलाईत कडुनिंबाला काय तोटा! एका बाजूला पाल्याचे उकळून गार केलेले पाणी, दुसऱ्या बाजूला नुसते उकळून गार केलेले पाणी, त्यात रंगासाठी थोडा चहा. महिनाअखेर दोन्ही गाल सारखे, निंबाचा गाल थोडा कोरडा. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. एका मुलीच्या दोन गालांवरून निंब निकामी ठरत नाही. एक तर माझी मुदत अपुरी होती. मुरूम वर दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी आत सुरू झालेले असते. कातडीच्या छिद्रात मृत पेशी आणि तेल साठून बूच बसते, वयात येताना शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे तेल जास्त होते, आत नेहमी राहणारे जंतू त्यात वाढतात आणि मग सूज येते. आज गालावर दिसते त्याची सुरुवात महिना-दोन महिन्यांपूर्वीची. म्हणून कोणताही उपाय, घरचा असो की डॉक्टरांचा, सहा ते आठ आठवड्यांच्या आत पारखता येत नाही. चार आठवड्यांत निकाल लावणे म्हणजे सिमेंट सुकायच्या आत त्यावरून गाडी नेणे.

वनस्पतींचे सर्वच उपाय फोल असेही नाही. ऑस्ट्रेलियात टी ट्री नावाच्या झाडाचे तेल लोक फार पूर्वीपासून वापरत. १९९० साली तिथल्या डॉक्टरांनी १२४ रुग्णांवर त्याची परीक्षा घेतली. एका गटाला ५ टक्के तेलाचे औषध, दुसऱ्याला बेन्झॉइल पेरॉक्साइड हे नेहमीचे औषध. दोन्ही गटांना गुण आला. तेलाचा गुण उशिरा आला, पण त्याचा त्रास कमी झाला. म्हणजे परीक्षा घेणे हा आजीबाईच्या बटव्याचा अपमान नव्हे. परीक्षेत उतरलेली वस्तू बटव्यातून थेट दवाखान्यात जाते. पण लक्षात ठेवा, ते तेल ५ टक्के होते. शुद्ध तेल तसेच चोळले तर कातडी पोळते.

आता ज्या भागासाठी मी उभा आहे तो भाग.

त्या वर्षी गणपती ३१ ऑगस्टला बसले. आमची कन्या लहानपणापासून या स्टेजवर असायची, कधी नाटकात, कधी समूहगीतात. त्या वर्षी तिने नाव दिले नाही. अभ्यासाचे कारण सांगितले आणि आम्हीही मान्य केले. आरतीला ती मंडपाच्या शेवटच्या खांबाआड उभी राहायची. प्रसाद वाटायला पुढे आली नाही. माझ्या वहीत त्या रविवारचे आकडे आहेत. ती खांबाआड उभी होती हे मात्र वहीत कुठेच नाही. मी ते मोजतच नव्हतो. एकदा ती म्हणाली होती, "बाबा, मी काय तुमची लाईन आहे का? दर रविवारी इन्स्पेक्शन!" आम्ही सगळे हसलो. तीही हसली. आज वाटते, तिने ते विनोदाने म्हटले नव्हते.

दिवाळीनंतर तिने परस्पर एक क्रीम आणले. मैत्रिणीने सांगितलेले, चिठ्ठीशिवाय मिळालेले. कुठे मिळाले ते सांगण्यात अर्थ नाही. आठ दिवसांत जादू झाली. लाली गेली, फोड बसले, चेहरा उजळ दिसू लागला. मी खूष होऊन वहीत चौदावा उपाय म्हणून त्याची नोंद केली आणि समोर लाल शाईने "उत्तम" लिहिले. सहा महिन्यांत "उत्तम" हा शेरा मी एकदाच दिला, तो या क्रीमला.

डिसेंबर संपता संपता क्रीम लावले नाही की चेहरा भाजल्यासारखा होऊ लागला. म्हणून जास्त लावायचे. जानेवारीत गालांवर, हनुवटीवर आधी नव्हती एवढी मुरुमे एकदम उठली, काही आत खोल, हात लावला तरी दुखणारी. गालावर बारीक लाल शिरा दिसू लागल्या. फेब्रुवारीत आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी ट्यूब मागितली, उलटी करून बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, "हे चेहऱ्याला लावलं?" त्यात तीव्र स्टेरॉइड होते, सोबत जंतूंचे आणि बुरशीचे औषध. स्टेरॉइड सूज झटपट दाबते, म्हणून आठ दिवस चेहरा सुंदर दिसतो. पुढे तेच कातडी पातळ करते, शिरा दिसू लागतात, स्वतःच मुरुमे आणते आणि बंद केले की सगळे उसळून येते. आपल्या देशात हा प्रकार इतका वाढला आहे की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध खास मोहीम चालवली आणि २०१८ साली सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. तरी ती मिळतात, हे आपण सर्व जाणतो.

त्या रात्री मी वही उघडून "उत्तम" या शब्दाकडे पाहत बसलो. माझी परीक्षा निंबाला नापास करते आणि या विषाला पहिला वर्ग देते, म्हणजे परीक्षेतच खोट आहे. आपल्याच गावात लाटलेले रूळ देशभर जातात. वरून चकचकीत दिसणारा रूळ आम्ही कधीच नुसत्या डोळ्यांनी पास करत नाही. अल्ट्रासॉनिक यंत्राने त्याच्या पोटातली चीर शोधतो, आणि ती दिसली की गाड्यांचा वेग कमी करून रूळ बदलतो. नोकरीत हे वीस वर्षे केले. घरी मात्र मी फक्त वरचे फोड मोजले आणि आठ दिवसांत पास केले. आग होते का, कातडी पातळ होते का, औषध सोडल्यावर काय होते, मुलगी खांबाआड का उभी राहते, यातले काहीच मोजले नाही.

डॉक्टरीणबाईंनी दुसरा प्रश्न विचारला, "हे खोल, दुखणारे फोड कधीपासून?" आईने वही काढून दाखवली. मधूनमधून एखादे असे जुलैपासून होते. "मग जुलैतच यायला हवं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "काळे डाग हळूहळू जातील. पण हे डाव्या गालावरचे दोन खड्डे पूर्ण भरायचे नाहीत." आमच्या सर्व शास्त्रशुद्ध परीक्षा चालू होत्या, तोपर्यंत ते खड्डे पडत होते. हळदीने काही बिघडवले नाही, जायफळानेही नाही. बिघडवले ते वाट पाहण्याने. आमच्या ट्रायलला सुरुवात होती, मुदत होती, पण "इथे थांबायचे" अशी पाटी नव्हती. एक नापास झाला की दुसरा घ्यायचा, तो झाला की तिसरा. तेरा उपाय प्रत्येकी एक महिना धरले तर वर्ष उलटते. ही माझी चूक, आणि तीच सांगण्याची अट कन्येने घातली होती.

पुढचे थोडक्यात. स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सोडवले. तो महिना-दीड महिना फार कठीण गेला. मग रात्री लावायचे एक औषध, सकाळचे एक, उन्हासाठी एक, आणि सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुणे. औषधांची नावे मुद्दाम सांगत नाही, नाहीतर उद्या सकाळी कोणीतरी माझ्या नावावर ती विकत घेईल. तीन महिन्यांनी फरक दिसला, सहा महिन्यांनी तिने आरसा बघणे कमी केले.

भाषण संपवण्याआधी, माझ्यासारखी ज्यांना घरी ट्रायल घ्यायची हौस आहे त्यांच्यासाठी चार नियम सांगतो.

पहिला. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दोन दिवस थांबा. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा आणि दालचिनी चेहऱ्यापासून लांबच ठेवा. त्यांची ट्रायल घेण्याचीही गरज नाही. आणि मुरुमे फोडू नका, खाजवू नका. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर प्रत्येक फोड मागे काळा डाग ठेवतो आणि तो महिनोन्‌महिने राहतो.

दुसरा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला सहा ते आठ आठवडे द्या. तुलना शेजारी ठेवा आणि मोजणाऱ्याला गुपित कळू देऊ नका. आमच्या आईसारखा परीक्षक मिळाला तर भाग्य समजा.

तिसरा. आठ दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या क्रीमवर सर्वांत जास्त संशय घ्या. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असे काही दिसले तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावायचे नाही.

चौथा आणि मुख्य. ट्रायल सुरू करतानाच शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहा. एक उपाय, दोन महिने, बस. आणि फोड खोल आणि दुखणारे असतील, खड्डा पडताना दिसला, घरात आई-वडिलांना खड्डे असतील, मुलीची पाळी अनियमित असून चेहऱ्यावर केस वाढत असतील, किंवा मूल माणसांत यायचे टाळू लागले असेल, तर ट्रायल करूच नका. थेट डॉक्टरांकडे जा.

खाण्याबद्दल नेहमी प्रश्न येतो, म्हणून मोदकाबद्दल बोलतो. १९६९ साली अमेरिकेत ६५ जणांना चॉकलेट देऊन बघितले. फरक पडला नाही, म्हणून खाण्याचा संबंध नाही असे पुष्कळ वर्षे शिकवले गेले. नंतर लक्षात आले की तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि चरबी तेवढीच होती. म्हणजे शेजारची लाईनही तीच! २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. त्यात रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारे जेवण घेणाऱ्यांची मुरुमे जास्त कमी झाली. तेव्हा रोजचे कोल्ड्रिंक आणि बिस्किटे कमी करा. वर्षातून दहा दिवसांच्या मोदकाने काही बिघडत नाही, बाप्पाची शपथ.

शेवटी तुम्हा सर्वांना एक विनंती. आपण इथे घरापासून दूर राहणारी माणसे. हे मंडळ म्हणजे आपले काका, मामा, मावशी, आत्या. म्हणूनच आपण एकमेकांच्या मुलांना हक्काने विचारतो, "काय झालं गं चेहऱ्याला?" मनात माया असते, मला माहीत आहे. पण त्या मुलीने सकाळपासून आरशात तेच पाहिलेले असते आणि फक्त त्या प्रश्नाच्या भीतीने ती मंडपात यायचे की नाही ते ठरवत असते. तिला अभ्यासाबद्दल विचारा, नाटकाबद्दल विचारा. चेहऱ्याबद्दल तिने विचारले तरच बोला, आणि तेव्हा उपाय न सांगता डॉक्टरांचा पत्ता सांगा.

आमच्या कन्येच्या डाव्या गालावर दोन खड्डे आहेत. जवळून दिसतात. आज संध्याकाळच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करणारी, मघाशी माझे नाव पुकारताना "सीनियर सेक्शन इंजिनिअर आणि माझे बाबा" असे म्हणणारी मुलगी तीच. मला दिलेली वेळ संपल्याची खूण ती गेली पाच मिनिटे खांबाशेजारून करत आहे. या वर्षी ती खांबाच्या पुढच्या बाजूला उभी आहे.

माझे चार शब्द संपवतो. गणपती बाप्पा मोरया!